व्यंकोजीराजांना लिहिलेले एक पत्र

वाचकहो, आपल्यापैकी काहीजण नोकरीत मनुष्यबळ विभाग सांभाळतात, काहीजण केंद्रावर सेवेची वाटणी पाहतात. अडचण दोन्हीकडे सारखीच येते. कालपर्यंत उत्साहाने काम करणारा माणूस एकाएकी गप्प होतो, कामे टाळू लागतो, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना सॅलोव्ही व मेयर यांनी १९९० मध्ये मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोहोचली. वाणिज्य शाखेत आम्ही तिची व्याख्या परीक्षेपुरती पाठ करतो. तिचे प्रत्यक्ष उदाहरण मात्र तंजावरच्या इतिहासात सापडते.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत गेले, तेव्हा तंजावरचे व्यंकोजीराजे, म्हणजे त्यांचे सावत्र धाकटे बंधू, यांच्याशी वडिलार्जित वाट्यावरून बोलणी झाली. ती फिसकटली. पुढे लढाई झाली, व्यंकोजीराजे हरले आणि मग तह झाला. या साऱ्याने ते पार खचले. खाण्यापिण्याकडे लक्ष नाही, सणवार नाहीत, फौज रिकामी बसलेली, आणि मनात बैरागी होण्याचा विचार. ही हकीकत रघुनाथपंत हणमंते यांनी महाराजांना कळवली.

महाराजांनी धाकट्या भावाला जे पत्र लिहिले ते प्रसिद्ध आहे. त्याचा क्रम नीट पाहा. आधी चौकशी : बरेच दिवस तुमचे पत्र नाही, म्हणून चैन पडत नाही. मग जे ऐकले ते आडपडदा न ठेवता सांगितले आहे. नंतर वडिलांची, शहाजीराजांची आठवण. मी पाठीशी आहे, भय धरू नका, हा दिलासा. आणि लगेच काम : शरीर सांभाळा, सणवार पाळा, माणसांना कामाला लावा. पराभवाचा टोमणा नाही. जिंकलेल्या माणसाला हे किती अवघड जात असेल!

वैराग्याबद्दल महाराज रोखठोक आहेत. त्याचे वय म्हातारपण, असे ते म्हणतात. साधक म्हणून हे आपल्याला कदाचित पटणार नाही. पण खचलेल्या मनाने वैराग्याचे नाव घेतले, तर ते ओळखता आले पाहिजे, एवढे नक्की. आपल्याकडे 'तो आता अंतर्मुख झाला आहे' असे कौतुकाने म्हटले जाते आणि त्याची झोप, जेवण, घरच्यांशी बोलणे कसे आहे हे कोणी विचारत नाही. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तर नुसती समजूत पुरत नाही. डॉक्टरांकडे न्यावे लागते.

शेवटी रघुनाथपंत. ते पूर्वी व्यंकोजीराजांचेच कारभारी होते, मतभेद होऊन महाराजांकडे गेले होते. तरी पत्रात महाराज त्यांचाच सल्ला घ्यायला सांगतात, कारण ते जवळ होते आणि परके नव्हते. आपल्या गप्प झालेल्या सहकाऱ्याजवळ असा माणूस कोण आहे? त्याला फोन करा, पण तक्रार गोळा करण्यासाठी नव्हे.