योनाचा राग

अगं, घरात सगळे तुला सांगताहेत ना, ‘खोटं पसरवलं खरं, पण तिनं माफी मागितली, आता विसर’? आणि तुझं मन काही निवत नाही. त्या रागाची लाज वाटून घेऊ नकोस. देवावरच रागावलेला बायबलमधला एक संदेष्टा मला यासाठी फार जवळचा वाटतो, योना.

लोकांना त्याला गिळणारा मासा तेवढा आठवतो. खरी गोष्ट माशानंतरची. निनवे ही अश्शूरांची नगरी. याच अश्शूरांनी पुढं इ.स.पू. 722च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं आणि माणसं देशोधडीला लावली. अशा नगरीला इशारा द्यायला देवानं पाठवलं, तर योना उलट दिशेला पळाला. का, ते तो पुढं देवाला तोंडावर सांगतो: तू दयाळू आहेस, त्यांना सोडून देशील, हे मला ठाऊक होतं! आणि घडतंही तसंच: नगरी पश्चात्ताप करते, देव तिला सोडून देतो. तो मरण मागतो, इतका चिडतो. देव त्याला झिडकारत नाही गं. हा राग बरा आहे का, एवढं विचारतो. सावली देणारं रोप उगवून आणतो, सुकवतो आणि म्हणतो, तुला या रोपाची कळकळ, मग मला त्या नगरीतल्या 1,20,000हून जास्त अजाण जीवांची, गुराढोरांची नसावी? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योनाचं उत्तर नाहीच.

म्हणून लगेच माफ कर, असं मी म्हणत नाही. तकोवाचा मेंढपाळ, संदेष्टा आमोस आठव. गरिबाला जोडाभर पायताणांसाठी विकणाऱ्यांना, खोट्या तराजूवाल्यांना त्यानं बेथेलमध्ये सुनावलं की न्याय नसेल तर तुमची भजनं देवाला नकोत. पुजाऱ्यानं त्याला हाकलू पाहिलं, तरी तो बोलायचा थांबला नाही. होशेयच्या पुस्तकात तर इस्राएलला शिक्षा ठरवणाऱ्या देवाचंच काळीज कालवतं. चालायला शिकवलेलं लेकरू टाकवत नाही त्याला. न्याय आणि दया एकाच काळजात ओढाताण करतात, हे मला तिथं कळतं.

शिवाय निनवेच्या राजानं नुसतं गोणपाट नेसायला नव्हतं सांगितलं; हातून होणारा जुलूम सोडा, असंही बजावलं होतं. देवानं पाहिली ती त्यांची करणी. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दारफाळणीचा सण म्हणत. त्या उपवासाच्या दिवशी दुपारनंतर ज्यू लोक योनाचंच पुस्तक वाचतात. आणि त्यांच्या मिश्ना या धर्मग्रंथाची शिकवण अशी की, माणसानं माणसाचा केलेला अपराध त्याची समजूत घातल्याशिवाय त्या दिवसानंही फिटत नाही.

तेव्हा एवढंच बघ: ज्या चारचौघांत तिनं तुझ्याबद्दल खोटं पसरवलं, तिथं जाऊन तिनं ‘ते खोटं होतं’ असं सांगितलंय का? सांगितलं असेल, तर योनाला विचारलेला प्रश्न आता तुझ्यापुढं आहे, आणि त्याला हवा तेवढा वेळ घे. नसेल सांगितलं, तर तिला आधी तेवढं करू दे. तोवर घरात कुणी घाई केली, तर खुशाल माझं नाव सांग.