करडईच्या दाण्यातील तेल

जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परतूर हे तालुक्याचे गाव आहे. भोवतालची जमीन काळी, भारी व ओल धरून ठेवणारी. पूर्वी या भागात रब्बीच्या हंगामात करडईची पिवळी-केशरी फुले जागोजागी दिसत. अलीकडे सोयाबीन व कापूस यांनी तिची बरीच जागा घेतली आहे. करडई अंगाने काटेरी. म्हणून दवाने काटे मऊ असतात तोवरच, पहाटे तिची काढणी करतात.

करडईचा एक दाणा फोडून पाहा. बाहेर पांढरे, कठीण टरफल आणि आत मऊ मगज. तेल असते ते मगजात. पण दाण्याच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे टरफलाचेच भरते. त्यामुळे जुन्या वाणांच्या 100 किलो दाण्यांत सुमारे 30 किलो तेल असे.

"खत अधिक घातले, तर तेलही वाढणार नाही काय?" असे तुम्ही विचाराल. खतपाण्याने दाणे पुष्कळ येतील, टपोरे होतील. परंतु दाण्यात तेलाचा वाटा किती, हे बऱ्याच अंशी त्याच्या वंशावर अवलंबून असते. आईबापांचे गुण मुलांत उतरतात, तसे झाडाचे गुण बीजात उतरतात. हे गुण वाहून नेणाऱ्या घटकांना जनुके म्हणतात.

अमेरिकेतील पॉल्डन नोल्स या शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या एका करडईचा अभ्यास केला. तिचे तेल नेहमीच्या करडईच्या तेलाहून निराळे होते. नेहमीच्या करडईशी तिचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत हा निराळेपणा दडून राहिला. दुसऱ्या पिढीत मात्र सुमारे एकचतुर्थांश दाण्यांत तो पुन्हा प्रकट झाला. तेलाचा हा प्रकार जनुकांची एकच जोडी ठरवते, असे 1963 साली सिद्ध झाले.

तेलाचे प्रमाण वाढविणे मात्र इतके सोपे नाही. ते अनेक जनुके मिळून ठरवितात. एका जनुकामुळे टरफल पातळ होते व तेलाचा वाटा वाढतो. पण त्याच जनुकामुळे फुलातील परागकोश वेळेवर उघडत नाहीत आणि दाणे नीट भरत नाहीत. एका हाताने मिळावे व दुसऱ्या हाताने जावे, तसा हा प्रकार!

म्हणून संशोधक पिढ्यान्‌पिढ्या उत्तम झाडे निवडतात व त्यांचा संकर करतात. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था आणि 1972 साली स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ यांनी करडईचे नवे वाण तयार केले. काही वाणांना काटे नाहीत. काहींत 35 टक्क्यांहून अधिक तेल असते.

या वाढीचे मोल हिशेबाने कळते. 1000 किलो करडईत 30 टक्के तेल असेल, तर ते 300 किलो होते. 36 टक्के असेल, तर 360. जमीन तीच, पाऊस तोच, श्रम तेच. तरी 60 किलो तेल अधिक! परतूरच्या काळ्या रानात करडई पुन्हा डोलायची असेल, तर आरंभ चांगल्या बियाण्यापासूनच व्हावयास हवा.

शब्दार्थ
मगज – बीच्या आतील गर
वाण – पिकाची जात
संकर – दोन भिन्न वाणांचा संयोग

स्वाध्याय
1. करडईची काढणी पहाटे का करतात?
2. पातळ टरफलाचा लाभ कोणता व हानी कोणती?
3. तुमच्या घरी किंवा गावात पुढील वर्षासाठी बियाणे कसे निवडतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.