तंबूचा केक का बसला?

उन्हाळ्याच्या सुट्टीतले शिबिर संपवून माझी दोन्ही नातवंडे घरी आली, तेव्हा मी पायाला प्लॅस्टर घालून जालन्याच्या घरात पलंगावर पडून होतो. शिबिराच्या समारोपाची शेकोटी पाहायला मी जाणार होतो, पण ते राहून गेले. थोरली नात म्हणाली, "आबा, तुम्हांला शिबिर पाहता आलं नाही ना? मग आम्ही शिबिरच घरी आणतो. तंबूच्या आकाराचा केक करू!" धाकट्याने लगेच तंबूचे चित्र काढले. त्यांची आजी स्वयंपाकघरात मदतीला उभी राहिली.

केक नेहमीच्या रीतीचाच होता. मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १७५ ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, पाणी आणि एक छोटा सपाट चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, खाण्याचा सोडा. कृतीत लिंबाचा रस सांगितला होता. पण घरात मोसंबी होती. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेली! नात म्हणाली, "लिंबू काय आणि मोसंबी काय, दोन्ही आंबटच." आणि तिने ७५ मिलिलिटर मोसंबीचा रस घातला.

तासाभराने केक बाहेर आला, तो मध्ये खळगा पडलेला, पिवळट आणि जड. एक तुकडा मी तोंडात टाकला. चव साबणासारखी! पोरीचे डोळे भरून आले. "मला काही जमत नाही," असे म्हणून ती माजघरात जाऊन बसली. डब्यात मैदा उरला होता तो आणखी एकाच केकपुरता. मी तिला हाक मारली आणि म्हटले, "दुसरा केक लगेच करायचा नाही. आधी पहिला का बसला ते शोधायचे."

दोन पेल्यांची साक्ष

दोन काचेचे पेले घेतले. एकात दोन चमचे लिंबाचा रस, दुसऱ्यात दोन चमचे मोसंबीचा रस. दोन्हींत चिमूट चिमूट सोडा टाकला. लिंबाचा रस फसफसून वर आला. मोसंबीचा रस जरासा फेसाळला आणि गप्प बसला. पुन्हा चिमूटभर सोडा टाकला. लिंबू पुन्हा फसफसले, मोसंबी मात्र ढिम्म!

याचे कारण काय? खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. या वायूचे बुडबुडे पिठात अडकतात आणि केक फुगतो. लिंबू व मोसंबी या दोन्हींत सायट्रिक आम्ल असते हे खरे, पण प्रमाण अगदी वेगळे. लिंबाच्या रसात ते सुमारे ६ टक्के, तर मोसंबीच्या रसात जेमतेम अर्धा टक्का. म्हणून तर मोसंबी गोड लागते.

आता हिशेब करू. १ ग्रॅम सोड्याला पुरते संपवायला सुमारे पाऊण ग्रॅम सायट्रिक आम्ल लागते. म्हणजे आपल्या ४ ग्रॅम सोड्याला ३ ग्रॅम आम्ल हवे. लिंबाचा रस घेतला तर ५० मिलिलिटर पुरे. मोसंबीचा रस मात्र ६०० मिलिलिटर, म्हणजे तीन मोठे पेले लागेल! एवढा रस घातला तर पिठाचे सार होईल. आमच्या ७५ मिलिलिटर रसाने तर फक्त आठवा हिस्सा सोडा खर्च झाला.

मग उरलेल्या सोड्याचे काय झाले? तो तापला आणि त्याचे विघटन झाले. त्यातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो, पण आम्लामुळे मिळतो त्याच्या निम्माच. मागे उरतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा! साबणाची चव आणि पिवळट रंग कुठून आला ते आता उघड झाले. नातीने डोळे पुसले. "म्हणजे माझा हात वाईट नव्हता, हिशेब चुकला होता," ती म्हणाली.

झाकण कोणी उघडले?

पण गुन्हेगार आणखी एक होता. "मध्ये झाकण किती वेळा काढले?" मी विचारले. धाकटा खाली पाहू लागला. त्याने तीनदा डोकावून पाहिले होते.

केक फुगतो तेव्हा त्याच्या आतला सांगाडा अजून ओला असतो. उष्णतेने मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, प्रथिने घट्ट होतात आणि मगच बुडबुड्यांभोवतीच्या भिंती पक्क्या होतात. त्याआधी झाकण काढले की गरम हवा निघून जाते, बुडबुडे आकसतात आणि ओल्या भिंती खाली बसतात. काठ आधी शिजतात म्हणून ते उभे राहतात, खळगा पडतो तो मध्येच.

रोडग्यांची आठवण

यावरून मला माझे पहिले शिबिर आठवले. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले बालवीर शिबिर भरवले. तेव्हापासून शिबिर म्हटले की तंबू आणि उघड्यावरचा स्वयंपाक आलाच. आमचे शिबिर समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब येथे होते. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. आमचा अंबड तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होता.

तिथे लिंबाच्या झाडाखाली आम्ही रोडगे केले. गोवऱ्या पेटवल्या आणि धग दिसताच कणकेचे गोळे थेट निखाऱ्यांवर ठेवले. बाहेरून कोळसा, आतून कच्चे पीठ! एक म्हातारे शेतकरी हसत म्हणाले, "पोरांनो, जाळ नको, राख हवी." त्यांनी निखारे विझू दिले, गोळे गरम राखेत पुरले आणि वर पुन्हा राख ओढली. राख उष्णतेची मंदवाहक. ती निखाऱ्यांची धग हळूहळू आणि सर्व बाजूंनी पोचवते. गोळ्यात पाणी आहे तोवर आतले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, म्हणून आत तो शिजतो. बाहेरचा थर वाळला की तो त्याहून अधिक तापतो आणि खरपूस तांबूस होतो. प्रथिने व शर्करा यांच्या ज्या अभिक्रियेने हा रंग व वास येतो, तिचे वर्णन फ्रेंच रसायनज्ञ माइयार यांनी १९१२ मध्ये केले.

रोडग्यात राखेचे जे काम, तेच केकच्या पातेल्यात वाळूचे. तळाशी दोन बोटे वाळू, तिच्यावर तिवई, तिवईवर केकचा डबा आणि वर घट्ट झाकण. वाळू ज्योतीचा चटका मोडते, गरम हवा डब्याला सगळीकडून शेकते.

दुसरा केक

या खेपेला ५० मिलिलिटर लिंबाचा रस मोजून घेतला. तो सर्वांत शेवटी घातला, कारण आम्ल मिळताच वायू सुटू लागतो. ४ ग्रॅम सोड्यातून एक लिटरहून अधिक वायू निघतो, तो वाया जाऊ द्यायचा नाही. पीठ लगेच आधीच तापवलेल्या पातेल्यात गेले. पाऊण तास धाकटा हाताची घडी घालून बसला. झाकणाला कोणी हात लावला नाही.

केक सपाट फुगला! १६ सेंटिमीटर बाजूचा चौरस, ५ सेंटिमीटर जाड. नातीने तो कर्णावर कापला, दोन्ही त्रिकोणी तुकडे कापलेल्या बाजूवर उभे केले आणि एकामागे एक जोडले. झाला तंबू! पायथा सुमारे २२.६ सेंटिमीटर, उंची ११.३ आणि लांबी १०. पहिला खळग्याचा केक असा उभाच राहिला नसता.

मोसंबीही वाया गेली नाही. तिच्या फोडी तंबूपुढे रचून धाकट्याने शेकोटी पेटवली! रात्री माझा पलंग अंगणात काढला आणि आमचा समारोप झाला.

करून पहा : पेल्यांचा प्रयोग चिंच, दही, कैरी आणि टोमॅटो घेऊन करा. कोण अधिक फसफसते ते वहीत नोंदवा. तापलेली वाळू फार भाजते, म्हणून केक करताना मोठे माणूस जवळ हवेच.

विचार करा : केक चौरस नसून आयताकृती असता, तर कर्णावर कापून केलेला तंबू कसा दिसला असता?