एकच चहा; आजी घोरते, मी जागा

मी इयत्ता सातवीत आहे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला जाग यावी म्हणून मी आठ वाजता कपभर चहा घेतला. आजीनेही त्याच पातेल्यातला घेतला. ती नऊ वाजता घोरायला लागली. मला मात्र दोन वाजेपर्यंत झोप काही येईना. सकाळी बुद्धिमत्तेच्या पेपरातल्या आकृत्या डोळ्यांपुढे फिरू लागल्या. यादीत नाव आले नाही. सगळे खापर मी चहावर फोडत नाही, अभ्यासही थोडा कच्चाच होता.

पण प्रश्न डोक्यात राहिला. आईचेही असेच आहे. दुपारनंतर चहा घेतला की ती रात्रभर कूस बदलते. म्हणून ती कुणाच्या घरी संध्याकाळी चहा घेत नाही, तर बायका म्हणतात, "आमच्या घरचा चालत नाही व्हय?" आजीही म्हणते, "चहानं कुणाची झोप जाते व्हय? नखरे नुसते." यंदा विज्ञानाच्या बाईंना विचारले तेव्हा उलगडा झाला.

चहा-कॉफीत कॅफीन नावाचे द्रव्य असते. १८१९ साली रुंगे या जर्मन शास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. आपण दिवसभर जागे असलो की मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले की झोप येऊ लागते. कॅफीन त्याच जागा आधी अडवते. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच. थकवा जात नाही, फक्त कळत नाही.

हे कॅफीन मोडायचे काम यकृत करते. त्यासाठी सी.वाय.पी. १ ए २ नावाचे विकर असते. शरीरातले बहुतेक सगळे कॅफीन तेच मोडते. हे विकर कसे व किती बनवायचे याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, ते जनुक आपल्या पंधराव्या गुणसूत्रावर असते. त्यात काही जणांत एका अक्षराचा फरक असतो. तेवढ्याने कुणाचे कॅफीन भराभर मोडते, कुणाचे रेंगाळते. बाविसाव्या गुणसूत्रावर आणखी एक जनुक आहे, ते ॲडेनोसिनच्या बसण्याच्या जागा घडवते. त्यातही फरक असतो. म्हणून कॅफीन तेवढेच असले तरी एकाला धडधडते, दुसऱ्याला काहीच वाटत नाही.

बाईंनी फळ्यावर गणित घातले. समजा चहात ४० मिलिग्रॅम कॅफीन आहे आणि तो रात्री ८ वाजता घेतला. ज्याच्या शरीरात ३ तासांत निम्मे उरते, त्याच्याकडे ११ वाजता २० आणि २ वाजता १० उरतील. ज्याला निम्मे व्हायला १० तास लागतात, त्याच्याकडे सकाळी ६ वाजताही २० असतील! मोठ्या माणसांत साधारण ५ तास धरतात, पण माणसामाणसांत फार फरक पडतो. शिवाय लहान अंगाला तोच कप जड जातो, हे माझ्या वजनाकडे बघून बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला.

सगळेच जनुकांवर नसते. रोज पिणाऱ्याला सवय होते. बिडी-सिगारेटच्या धुराने हे विकर वाढते, म्हणून बिडी सोडलेल्या माणसाला नेहमीचाच चहा जास्त चढू शकतो. गरोदरपणी उलटे होते, कॅफीन फार हळू मोडते. आमची आत्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आरोग्यसेविकेने चहा कमी करायला सांगितले होते, ते उगीच नव्हते.

मला वाटायचे, आजी पाच वेळा चहा पिते म्हणून तिला बाधत नाही. पण २०११ साली शास्त्रज्ञांना आढळले, की ज्यांचे कॅफीन लवकर मोडते अशी माणसे सरासरीने जास्त कप पितात. म्हणजे बाधत नाही म्हणून ती पीत असेल, असेही असू शकेल. आमच्यापैकी कुणाची जनुके तपासलेली नाहीत, हे मात्र खरे.

हा लेख मी आजीला वाचून दाखवला. ती लगेच म्हणाली, "म्हंजी खोट हिच्या माहेरचीच की!" मी सांगितले, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. आणि बाबांची प्रत तुझ्याकडून नाहीतर आजोबांकडून आलेली. आजी जरा गप्प बसली. मग म्हणाली, "तुझा आज्जा बी दिवस मावळल्यावर चहाला शिवत नव्हता." आई चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही, पण हसली.