केलेले विसरावे, झालेले सांगावे

पाठ : लूक १०:२५-३७, मत्तय ६:१-४, रोमकरांस पत्र १६:१-१६

शेजाऱ्याचे कोणी काही भले केले, तर त्याचा उल्लेख चारचौघांत करावा की करू नये, हा प्रश्न आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. काहींचे म्हणणे असे की, सत्कृत्याचा डांगोरा पिटला म्हणजे त्यातील गोडी नाहीशी होते. करणारा फुगतो आणि बाकीचे हेवा करू लागतात. दुसरे म्हणतात की, चांगल्यास कोणी चांगले म्हणतच नसेल, तर करणाऱ्याचे मन हळूहळू खचते आणि पाहणाऱ्या तरुणांस काही वळणच लागत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून या पाठात आपण या प्रश्नाचा शांतपणे विचार करू, आणि तो हवेत न करता खारबाव व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून करू.

खारबाव हे भिवंडी तालुक्यातील गाव. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामण रोड व भिवंडी रोड या दोहोंच्या मध्ये त्याचे स्थानक आहे. चिंचोटीहून कामणवरून अंजूरफाट्याकडे जाणारी मोटारींची वाटही याच बाजूने जाते. हा मुलूख मूळचा भाताचा. भाताच्या लावणीचे, म्हणजे या बाजूच्या बोलीत आवणीचे, काम असे असते की ते एकट्या घराच्या हातून वेळेवर उरकत नाही. पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि रोपही फार दिवस तग धरीत नाही. यास्तव कोकणपट्टीत व मावळात सावडीची चाल पडली. आज चार घरची माणसे एकाच्या खाचरात उतरावयाची, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या खाचरात. देशावर हीच गोष्ट इर्जिकीच्या रूपाने दिसे. शेजारी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात येत आणि घरधनी त्यांस पोटभर जेवू घाली.

या चालीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सावडीत कोणी कोणाचे आभार मानीत नसे, कारण तशी गरजच नव्हती. ज्याने आज मदत घेतली तो उद्या स्वतः चिखलात उभा राही. त्याचे येणे हेच त्याचे आभार. उपकाराची ओळख त्या कामातच विणलेली होती. कोण आला व कोण आला नाही, हे सर्व गावास ठाऊक असे.

आता भिवंडी तालुक्याचे रूप पालटले आहे. जेथे खाचरे होती तेथे कित्येक ठिकाणी मोठमोठी गोदामे उभी आहेत. वाटेने रात्रंदिवस मालमोटारी धावतात. यंत्रमागांवर व गोदामांत काम करावयास दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली आहेत. अशा मुलखात आज ज्याला आपल्या मदतीची गरज पडते, तो बहुधा आपल्या सावडीतला नसतो. तो परप्रांतीय वाहनचालक असेल, हमाल असेल, भाड्याच्या खोलीत आजारी पडलेली एखादी बाई असेल. तिला पेज नेऊन दिली, तर ती आपल्या शेतात येऊन कधी ते ऋण फेडणार नाही. परतफेडीची आशा नाही म्हणून अशी दया अधिक शुद्ध होय, हे खरे. परंतु परतफेड नाही म्हणून ती कोणाच्या दृष्टीसही पडत नाही, हेही तितकेच खरे. दृष्टीस न पडणारी चाल पुढच्या पिढीस शिकविता येत नाही. आपल्या पाठाचा खरा मुद्दा येथेच आहे.

दयेची ओळख ठेवणे कधी कधी किती निकडीचे होते, हे आपल्या देशाच्या कायद्यातच पाहावयास मिळते. रस्त्यावर अपघात होऊन माणूस रक्तबंबाळ पडला असता लोक जमत, हळहळत, पण त्याला उचलून दवाखान्यात नेण्यास पुष्कळ जण कचरत. त्यांची अंतःकरणे दगडाची होती असे नव्हे. पोलीस आपणांसच अडकवितील, कोर्टाच्या फेऱ्या घालाव्या लागतील, दवाखान्याचे पैसे आपल्याच माथी बसतील, ही भीती त्यांच्या मनात असे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मदत करणाऱ्याच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने केलेल्या नियमांस कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. त्यायोगे प्रामाणिक हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूकभूल झाली तरी, फिर्याद होत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून, गंभीर जखमी झालेल्यास वेळेवर दवाखान्यात पोहोचविणाऱ्यास ५,००० रुपये व प्रशस्तिपत्र देण्याची योजना सुरू झाली, आणि २०२५ मध्ये ती रक्कम २५,००० रुपये करण्यात आली. या कायद्यात अशा माणसाला नाव कोणते दिले आहे? भला शोमरोनी! यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला ज्याने आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याचेच हे नाव होय.

यांत आपणांस पहिला धडा मिळतो. दयेला उत्तेजन देणे म्हणजे प्रथम बक्षीस देणे नव्हे, तर दया करणाऱ्याच्या वाटेतील काटे दूर करणे होय. आपल्या गावातही असे काटे असतात. एखाद्या सुनेने परजातीच्या शेजारणीच्या तान्ह्या मुलास दिवसभर सांभाळले, तर घरची माणसे तिलाच बोल लावतात. एखादा मुलगा निरक्षर म्हाताऱ्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेला, तर त्याला 'रिकामटेकडा' म्हणून हिणवितात. ज्या गावात दयेला दंड पडतो, त्या गावात दयेवर कितीही व्याख्याने दिली तरी ती वाया जातात. कायद्याने मोठ्या रस्त्यावरील भीती दूर केली. उंबरठ्याआतील भीती आपणच दूर केली पाहिजे.

दुसरा धडा आपल्याच ठाणे जिल्ह्यातील वांगणी स्थानकावर घडला. १७ एप्रिल २०२१ रोजी एका अंध मातेचे लहान मूल फलाटावरून रुळांवर पडले आणि समोरून गाडी वेगाने येत होती. तेथील पॉइंट्समन मयूर शेळके हे रुळांवरून धावत गेले, मुलास फलाटावर चढविले आणि स्वतः जेमतेम वर आले. रेल्वेने त्यांस ५०,००० रुपयांचे बक्षीस दिले. त्यातील अर्धी रक्कम त्या मुलासाठी देण्याचा मनोदय त्यांनी प्रगट केला. गौरव योग्य ठिकाणी गेला म्हणजे तो तेथेच साचून राहत नाही, पुढे वाहतो, असे यावरून दिसते. परंतु आणखी एक गोष्ट पाहा. हे कृत्य देशास कळले ते स्थानकावरील कॅमेऱ्यामुळे. कॅमेऱ्याने टिपले म्हणून सर्वांनी पाहिले. आपल्या पाड्यांत व आळ्यांत असा कॅमेरा नाही, आणि तेथील दया बहुधा क्षणाची नसून वर्षानुवर्षांची असते. अंथरुणाला खिळलेल्या जावेची सेवा करणारी बाई, आंधळ्या शेजाऱ्यास रोज वाट दाखविणारे पोर, आपल्या हंड्यातले पाणी आधी दुसऱ्यास देणारी कातकरी स्त्री, यांचे चित्र कोण टिपणार? तेथे शेजाऱ्याच्या डोळ्यानेच ते काम केले पाहिजे.

तथापि येथे एक मोठा धोका आहे, आणि तो तिसरा धडा होय. २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर मुंबई-नाशिक महामार्गाने पायी आपल्या मुलखाकडे निघाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून मजुरांसाठी खास गाडी गोरखपुरास सोडण्यात आली. त्या दिवसांत कित्येकांनी वाटसरूंस भाकरी व पाणी दिले, आणि ते देताना आपले नावही सांगितले नाही. पण त्याच काळात धान्याची पिशवी हाती देताना घेणाऱ्याचे छायाचित्र काढून ते चहूकडे धाडण्याची रीतही फार बोकाळली. ज्याला पोरांच्या भुकेपायी हात पसरावा लागला, त्याचा तो पसरलेला हात जगास दाखविणे ही दया नव्हे. ती त्याच्या अब्रूची किंमत घेऊन केलेली विक्री होय. म्हणून ओळख ठेवावयाची ती करणाऱ्याच्या कृत्याची. घेणाऱ्याच्या गरजेची जाहिरात करावयाची नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने बजाविले की, दानधर्म करताना कर्णा वाजवू नये. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. असे असता पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस इतकी नावे घेऊन त्यांच्या कष्टांचा उघड उल्लेख का केला? किंख्रियातील फिबी पुष्कळांना साहाय्य करणारी होती, प्रिस्किला व अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी आपला जीव धोक्यात घातला, अमकीने प्रभूमध्ये फार श्रम केले, असे तो एकेकाविषयी लिहितो. यांत विरोध आहे काय? मुळीच नाही. प्रभूची आज्ञा देणाऱ्यास आहे. पौल बोलतो तो घेणारा म्हणून. कर्णा स्वतः वाजविणे निराळे, आणि ज्याचे भले झाले त्याने कृतज्ञतेने तोंड उघडणे निराळे. ज्याने केले त्याने विसरावे. ज्याला लाभले त्याने सांगावे. दोघांनी आपापली बाजू सांभाळली म्हणजे गर्वही होत नाही आणि कृतघ्नताही होत नाही. परंतु आपण पुष्कळदा याच्या नेमके उलट करतो. देणारा बोलत राहतो आणि घेणारा गप्प बसतो.

यासाठी मोठा समारंभ, हार किंवा ढाल यांची आवश्यकता नाही. महिन्यातून एकदा सभेच्या शेवटी थोडा वेळ असा ठेवावा की, त्यात ज्यांना मदत लाभली त्यांनीच, स्वखुशीने, दोन वाक्यांत ती सांगावी. कोणाचे कृत्य मोठे व कोणाचे धाकटे, याचा निवाडा करू नये. पहिला-दुसरा क्रमांक लावला की दया संपून शर्यत सुरू होते. ज्यांना सभेत बोलणे अवघड वाटते, त्यांनी त्या घरी जाऊन सांगावे; मुलांसमक्ष सांगितले तर अधिक बरे. आणि ज्यांनी आपले भले केले ते आपल्या मंडळीतले नसले तरी त्यांची नावे अवश्य घ्यावीत. आजाऱ्यास आपल्या रिक्षातून नेणारा मुसलमान भाऊ, आवणीला हात लावणारे वारली कुटुंब, हमालीचा खाडा करून जखमीपाशी बसलेला परप्रांतीय मजूर, ही नावे आपल्या सभेत निघाली पाहिजेत. तो शोमरोनी तरी ऐकणाऱ्यांच्या जातीचा कोठे होता?

सावडीचा हिशेब दिवसांचा होता आणि तो खाचरातच फिटत असे. आता ज्या दयेची फेड होणे नाही, तिचा हिशेब आपल्या जिभेने ठेवावयाचा आहे. ज्या गावात तो ठेवला जातो, तेथल्या मुलास रस्त्यावर पडलेला परका माणूस दिसला असता काय करावे, हे कोणी निराळे शिकवावे लागणार नाही.

विचारासाठी प्रश्न
१. गेल्या महिन्यात आपणांस कोणाकडून अशी मदत झाली की जी आपण अद्याप कोणास सांगितली नाही?
२. आपल्या घरी किंवा आळीत दया करणाऱ्यास कोणता त्रास सोसावा लागतो? तो दूर करण्यास आपण काय करू शकतो?
३. मदत घेणाऱ्याची अब्रू राखून तिचा उल्लेख कसा करावा?
४. आपल्या गावी नव्याने राहावयास आलेल्यांपैकी कोणाचे नाव आपणांस अजून ठाऊक नाही?