चोळ राजांचे कूळ

शिबी राजाची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. ससाण्याला भिऊन एक कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसले. राजाने त्याला अभय दिले. ससाणा म्हणाला, "मग मी खाऊ काय?" तेव्हा राजाने आपल्या अंगाचे मांस कापून तराजूत घातले.

या शिबीला आपला पूर्वज म्हणणारे एक राजघराणे दूर दक्षिणेत, तमिळ देशात होऊन गेले. ते चोळांचे घराणे. कावेरीकाठ हा त्यांचा मुलूख. चोळ राजाला 'सेंबियन' म्हणत. सेंबियन म्हणजे शिबीच्या वंशातला. त्याला 'वळवन' असेही म्हणत. वळवन म्हणजे सुपीक जमिनीचा धनी. एक नाव पुराणातून आले, दुसरे शेतातून आले.

त्यांच्यात करिकाल नावाचा मोठा राजा झाला. तमिळ भाषेत 'करि' म्हणजे कोळसा आणि 'काल' म्हणजे पाय. लोक सांगतात, लहानपणी तो आगीतून निसटला, पण पाय भाजला. संस्कृत जाणणारे म्हणाले, "छे! करी म्हणजे हत्ती. हत्तींचा काळ, तो करिकाल." नाव एक, गोष्टी दोन! नावावरून गोष्ट कशी तयार होते, ते पाहिलंत ना?

पुढे चोळांचे राज्य फार वाढले. राजराज राजाने तंजावरचे प्रचंड शिवमंदिर सन १०१० मध्ये पुरे केले. त्याचा मुलगा राजेंद्र. त्याच्या वेळच्या तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात वंशावळ थेट सूर्यापासून दिली आहे. वंशात चोळ नावाचा एक राजा झाला, त्यावरून घराण्याला नाव पडले, असे त्यात सांगितले आहे.

पण याहून कितीतरी जुना पुरावा गिरनारच्या खडकावर आहे. सुमारे २२५० वर्षांपूर्वी अशोकाने तो लेख कोरविला. माणसांच्या व जनावरांच्या औषधपाण्याची सोय आपण शेजारच्या देशांतही केली, असे तो सांगतो. त्या शेजाऱ्यांत चोळ आणि पांड्य आहेत. तिथे सूर्य नाही, शिबी नाही. चोळ हे नुसते लोकांचे नाव आहे. म्हणजे नाव जुने, आणि सूर्यापासूनची वंशावळ लिहिलेला ताम्रपट त्यानंतर हजारावर वर्षांनी झाला.

मग गोष्ट टाकाऊ काय? आम्हाला तसे वाटत नाही. शिबीचे नाव लावणाऱ्या राजाला लोक म्हणू शकत, "आता आम्हाला सांभाळा." गोष्टीतून राजाचे कर्तव्य कळते. काय घडले, ते मात्र पुराव्यावरून ठरवावे.

तंजावरला पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या वंशाचे राज्य होते. त्यांच्यातील सरफोजीराजांनी सन १८०३ मध्ये त्याच चोळ मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास कोरविला, तोही मराठीत. तो वाचतानाही विचारावे : कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशासाठी लिहिले?

लग्नाच्या बैठकीत कुळाच्या मोठ्या गोष्टी निघतात, तेव्हाही हेच विचारा. कावेरीवर कल्लणै नावाचा पुरातन बंधारा आहे. तो करिकालाने बांधला असे परंपरा सांगते. बंधारा आजही शेतांकडे पाणी वळवतो. त्या पाण्यावर पिकणारे शेत राजाचे कूळ विचारीत नाही.

प्रश्न
१. सेंबियन व वळवन या नावांचे अर्थ सांगा.
२. गिरनारचा लेख जुना की ताम्रपट जुना?
३. तुमच्या गावाच्या नावाची गोष्ट लिहा. तिला पुरावा काय, तेही लिहा.