मध्यरात्रीचा नकार

प्रश्न : मी ५२ वर्षांचा, डेटाबेसच्या कामात पंचवीस वर्षं काढलेला. गेल्या वर्षी नोकरी गेली. तेव्हापासून दीडशेच्या वर अर्ज केले, मुलाखत एकच. परवा रात्री जेवणानंतर एक अर्ज भरला आणि भांडी घासून होईपर्यंत नकाराचा मेल हजर! माझा बायोडेटा कुणा माणसानं वाचला असेल असं वाटत नाही. कायद्यात याला काही उपाय? शिवाय, पोर्टफोलिओसाठी एआयकडून चित्रं करून घेतली आहेत. त्यांवर हक्क माझाच ना?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी चित्रांचं, कारण ते लवकर संपतं. नाही. लेखक माणूसच हवा, असं वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टानं मार्च २०२५ मध्ये एआयनं काढलेल्या चित्राबद्दलच्या थेलर खटल्यात सांगितलं. तुम्ही स्वतः केलेली मांडणी, लिहिलेला मजकूर तुमचा. यंत्रानं काढलेलं चित्र कुणी उचललं तर कॉपीराइटचा दावा टिकणं कठीण.

आता नोकरीचं. तो मेल पुसू नका. कॅलिफोर्नियात अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या वर्कडे या कंपनीवर डेरेक मोब्ली या उमेदवारानं भेदभावाचा दावा लावला, त्यातही घड्याळच बोललं. रात्री १२ वाजून ५५ मिनिटांनी केलेल्या अर्जाला १ वाजून ५० मिनिटांनी नकार. त्या वेळी कुठला एचआरवाला जागा असतो? कंपनीचं म्हणणं, आम्ही नोकरी देणारे नव्हेच. न्यायाधीश रीटा लिन यांनी जुलै २०२४ मध्ये दावा पुढे जाऊ दिला : अर्ज चाळायचं काम मालकानं सोपवलं असेल, तर चाळणारा त्याचा एजंट ठरू शकतो. मे २०२५ मध्ये चाळीस आणि पुढच्या वयाच्या इतर उमेदवारांनाही दाव्यात यायची वाट मोकळी झाली. हे दोन्ही आदेश प्राथमिक टप्प्यावरचे, आणि आरोप कंपनीला मान्य नाहीत.

तुमच्या कामाचा कायदा म्हणजे १९६७ चा फेडरल वयभेदविरोधी कायदा. चाळीस आणि पुढच्या वयाच्या उमेदवाराला वयावरून डावलता येत नाही. मालकाकडे किमान वीस कर्मचारी हवेत. न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागानंही जानेवारी २०२५ मध्ये बजावलं, की विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरनं भेदभाव केला तरी मालकाची सुटका नाही. (हाच प्रश्न पुण्याहून आला असता, तर मी हात वर केले असते. खासगी नोकरीतल्या वयभेदावर आपल्याकडे असा कायदाच नाही.)

पण झटपट नकार म्हणजे वयावरूनच नकार, असं कोर्ट मानणार नाही; पुरावा हवा. आयट्यूटरग्रुप या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीच्या प्रकरणात एका उमेदवारानं तोच अर्ज फक्त जन्मतारीख अलीकडची घालून पुन्हा भरला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं! ५५ आणि पुढच्या वयाच्या बायका आणि ६० आणि पुढच्या वयाचे पुरुष सॉफ्टवेअर आपोआप वगळत असल्याचा आरोप होता. २०२३ मध्ये ३ लाख ६५ हजार डॉलरवर तडजोड झाली. तुम्ही मात्र हा प्रयोग वकिलाला विचारल्याशिवाय करू नका, खोटी माहिती अंगाशी येते. पदवीचं साल फॉर्म मागत नसेल तर खुशाल गाळा.

जाहिरात, अर्जाची पोच आणि नकार, तिन्ही वेळेसकट साठवा. पोर्टल कुठल्या कंपनीचं आहे तेही टिपून ठेवा, पत्त्याच्या पट्टीत बहुतेक वेळा दिसतं. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, फेडरल समान रोजगार संधी आयोगाकडे ३००. प्रत्येक नकाराचे दिवस वेगळे मोजले जातात, आणि परवाच्या मेलचे मोजायला सुरुवात झाली आहे.